गुलाब छान आहे: एका कुंडीचे आत्मवृत्त

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत माझा मुक्काम आहे. गेल्या कित्येक वर्षांत मी कोणाशी बोललेले नाही, कारण माझ्याशी कोणी बोललेले नाही. त्यामुळे सांगता सांगता कुठे अडखळले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कुंभारणीच्या हातून झाला. तिच्या अंगणात माठ होते, रांजण होते, वाडगे आणि झाकण्याही होत्या. चाकावरून उतरल्यावर आम्ही सगळी भावंडे ओळीने उन्हात सुकत बसलो होतो. तेवढ्यात ती एक काडी घेऊन आली आणि तिने माझ्या बुडाला आरपार भोक पाडले. इतर कोणाला नाही, मलाच. शेजारचा माठ म्हणाला, "तुझ्यात पाणी राहायचं नाही. वाया गेलीस बिचारी." मला फार वाईट वाटले. आपल्यात काहीतरी उणे आहे, हीच समजूत घेऊन मी भट्टीत गेले. भाजून बाहेर आल्यावर कुंभारणीने मला टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि म्हणाली, "खणखणीत आहे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून ती नीट आठवते.

तिथून मी एका रोपवाटिकेत आले. पेट्रोल पंपाच्या मागे एक लांबट, अरुंद जागा होती आणि तिच्यावर हिरवी जाळी ताणलेली होती. ती जागा जी बाई चालवत असे, तिला सगळे रोपवाली म्हणत. तिच्या ॲप्रनला मोठे मोठे खिसे होते. एकात कात्री, एकात सुतळी आणि एकात नेहमी अर्धे खाल्लेले बिस्कीट. गिऱ्हाईक आले की ती आधी झाड दाखवत नसे, तीन प्रश्न विचारत असे. घरात ऊन किती वेळ येते, झाडाला पाणी कोण घालणार, आणि घर बंद ठेवून तुम्ही किती दिवस बाहेरगावी जाता.

लोक वैतागत. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, झाड विकताय की सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच आहे," ती म्हणाली. "फरक एवढाच, की न पटल्यावर झाड भांडत नाही. मुकाट्यानं मरतं."

तिची सोयरीक बहुतेक वेळा जमत असे. एका बाईंना कार्यालयातल्या टेबलावर फुलझाड हवे होते आणि तिथे खिडकीच नव्हती. रोपवालीने त्यांना मनीप्लांटची एक फांदी पाण्याच्या बाटलीत घालून दिली आणि सांगितले, "आठवड्यातून एकदा पाणी बदला. याहून जास्त लाड करू नका." वर्षभराने त्याच बाई त्या वेलाच्या चार फांद्या मैत्रिणींना वाटायला म्हणून रिकाम्या बाटल्या मागायला आल्या होत्या. हे सगळे मी कोपऱ्यातून बघत असे आणि माझी सोयरीक कधी जमणार याची वाट पाहत असे.

थंडीच्या दिवसांत एक मुलगी घाईघाईने आली. पुढच्या आठवड्यात ती नोकरीसाठी दूरच्या शहरात जाणार होती. घरी वडील एकटेच राहणार होते. तिने सरळ माझ्याकडे बोट दाखवले आणि केशरी गुलाबाचे रोप मागितले.

"ऊन किती वेळ येतं?" रोपवालीने विचारले.

"भरपूर. दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत बाल्कनीभर ऊन असतं."

"हे आत्ताचं झालं. उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तर जास्तच असणार ना?"

"तसं नसतं," रोपवाली म्हणाली. "थंडीत सूर्य कलून जातो, म्हणून ऊन घरात शिरतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो. मग वरच्या मजल्याच्या बाल्कनीची सावली खालच्या बाल्कनीवर पडते. गुलाबाला बारा महिने ऊन लागतं. मी तुम्हाला दुसरं काही..."

"ताई, मला खरंच उशीर होतोय. आईनं केशरी गुलाब लावला होता. ती गेल्यावर आमच्याकडनं तो राहिला नाही. बाबांना तोच आवडेल."

आई शब्द ऐकल्यावर रोपवालीने वाद सोडला. तिने गुलाब माझ्यात लावून दिला.

मुलीचे वडील घड्याळे दुरुस्त करीत. सगळा परिसर त्यांना घड्याळकाका म्हणत असे. त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीभर घड्याळे होती, दुरुस्तीला दिलेली आणि मग मालकांनी कधीच परत न नेलेली. प्रत्येकात वेगळी वेळ. काका म्हणत, "ज्याला जी वेळ सोयीची, ती त्यानं घ्यावी." ते बोलायचे कमी, पण बोलले की असे. मुलगी त्यावर हसायची. हसता हसता तिचे डोळे भरून यायचे, कारण जायचा दिवस जवळ आला होता.

निघायच्या सकाळी ती बॅग दारात ठेवून बाल्कनीत आली. गुलाबाला तेव्हा एक कळी होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतःचं काही सांगणार नाही, मला माहितीये. मी या गुलाबाचं विचारत जाईन. तो नीट असला, म्हणजे तुम्ही नीट आहात असं मी समजेन."

काका म्हणाले, "तू जा निर्धास्त. आम्ही दोघं बघतो एकमेकांकडे."

ती गेली. घरात फक्त घड्याळांची टिकटिक राहिली.

ती थंडी फार चांगली गेली. मी उन्हात बसत असे, गुलाब फुलत असे. काका दुकानातून आले की खुर्ची ओढून माझ्याजवळ बसत. त्यांचा फोन साधा, बटणांचा होता. घरात नीट ऐकू येत नसे, म्हणून ते बाल्कनीत येऊन, फोनचा आवाज मोठा करून बोलत. दर रविवारी सकाळी मुलीचा फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "गुलाब कसा आहे?"

"छान आहे," काका सांगत. तेव्हा ते खरे होते.

मग उन्हाळा आला आणि रोपवाली म्हणाली होती तसेच झाले. ऊन रोज थोडे थोडे मागे सरले. आधी माझ्या बुडापर्यंत आले, मग कठड्यापर्यंत, आणि एके दिवशी कठड्याबाहेरच थांबले. हवा तापलेली, पण ऊन नाही. गुलाबाच्या फांद्या उजेड शोधत लांबल्या आणि बारीक झाल्या. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले. पाने गळत गेली. शेवटी माझ्यात एक काटेरी काडी उरली. काकांनी नखाने तिची साल खरवडून बघितली. आत हिरवे काही नव्हते.

तो रविवार होता. फोन वाजला.

"गुलाब कसा आहे, बाबा?"

काका त्या काडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. दोन कळ्या आल्यात. एक उद्यापर्यंत उमलेल."

मित्रांनो, माणसाला खोटे बोलायची सवय नसली की तो गरजेपेक्षा जास्त सांगतो. काकांचे तसेच झाले. पुढच्या रविवारी ती कळी उमलली. त्याच्या पुढच्या रविवारी शेजारच्या बाई फूल बघायला येऊन गेल्या. त्या वर्षी फोनवर माझ्यात जेवढी फुले फुलली, तेवढी एखाद्या बागेतही फुलली नसतील. फोन ठेवला की काका बराच वेळ तसेच बसत. मी रिकामी आणि तेही.

मुलगी वाईट नव्हती आणि काकाही खोटारडे नव्हते. तिला नवीन नोकरीत रुळायला वेळ हवा होता आणि तो तिला मिळावा असे त्यांना वाटत होते. गुलाब मेला म्हटले असते तर ती पहिल्या गाडीने आली असती, हे त्यांना ठाऊक होते.

पुढच्या थंडीत मुलगी चार दिवसांसाठी येणार असे ठरले. काकांनी मला कापडी पिशवीत घातले, छातीशी धरले आणि चालत रोपवाटिकेत नेले. रोपवालीने मला लगेच ओळखले.

"ही माझ्याकडचीच ना? गुलाब गेला वाटतं."

"तसाच द्या. केशरीच," काका म्हणाले. "मुलगी येतेय."

"पण काका, ऊन..."

"आत्ता आहे. आत्ता भरपूर आहे."

तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितले आणि रोप दिले.

मुलीला काही कळले नाही. तिने गुलाबाजवळ उभे राहून फोटो काढला. चार दिवस घरात हसणे-बोलणे होते. एकदा चहा ओतताना काकांचा नेम चुकला आणि चहा कपाच्या बाहेर गेला. "बाबा, लक्ष कुठंय तुमचं?" ती म्हणाली. "तुझ्याकडे," ते म्हणाले. ती हसली, फडके घेऊन पुसून टाकले आणि तिथेच तो विषय संपला. मला मात्र काही दिवसांपासून जाणवत होते. पाणी घालताना काकांची झारी आधी माझ्या काठावर आपटायची आणि मग जागा शोधायची. पण मला बोलता येत नव्हते.

दुसऱ्या गुलाबाच्या वेळी काकांनी एकच धसका घेतला होता, हाही जाईल. म्हणून ते सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा पाणी घालू लागले. माझ्याखालची ताटली कायम भरलेली असे. बुडाला भोक असून काय उपयोग, भोकाच्या तोंडाशीच पाणी साचलेले. मुळे कुजू लागल्याचा वास मला आतून येत होता. झाडाला प्रेमाने बुडवताही येते, हे मला तेव्हा कळले. उन्हाळा लागायच्या आत तोही गुलाब गेला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत एकटे दिवस. एका दुपारी काका नेहमीपेक्षा फार लवकर घरी आले. हातात दुकानातली हत्यारांची पेटी होती. ती त्यांनी बाल्कनीत उघडली. बारीक पेचकस, चिमटे, डोळ्याला लावायचे काळे भिंग. एक जुने मनगटी घड्याळ घेऊन ते बसले. एक स्क्रू निसटला. तो त्यांच्या डाव्या गुडघ्याजवळच पडला होता. मला दिसत होता. ते समोरची फरशी चाचपत राहिले, पुन्हा पुन्हा, आणि गुडघ्याजवळ त्यांचा हात गेलाच नाही. शेवटी त्यांनी घड्याळ मिटले. पेटीतली हत्यारे एकेक करून माझ्यात उभी केली, माझ्यातल्या कोरड्या मातीत, रोपे लावावीत तशी.

दुकान त्यांनी बंद केले होते. चाळीस वर्षे चाललेले दुकान. कोणाला बोलावले नाही, काही सांगितले नाही, फक्त पेटी उचलून घरी आले.

त्या रविवारी मुलीने विचारले, "दुकान कसं चाललंय?"

"जोरात," काका म्हणाले. "हात रिकामा नसतो."

"आणि गुलाब?"

"छान आहे."

जवळजवळ वर्षभर मी पेचकस आणि चिमटे सांभाळले. त्यांना पाणी लागत नव्हते. काका दिवसभर खुर्चीत बसून असत. खालून भाजीवाल्याची हाक आली की उठत, टोपली दोरीने खाली सोडत आणि पुन्हा बसत. कधी कधी दिवसभरात त्यांच्या तोंडून तेवढाच शब्द निघे, "थांब, सोडतो." पहिला पाऊस आला-गेला, हवा थंड झाली, ऊन पुन्हा माझ्या काठापर्यंत येऊन बसले आणि पुन्हा मागे गेले. रोपवाली ज्यांच्याबद्दल विचारायची ते सगळे ऋतू माझ्यावरून गेले आणि माझ्यात काहीच नव्हते.

मग एका रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात येतेय. आठ दिवस."

काकांनी माझ्यातली हत्यारे काढली आणि मला पिशवीत घातले. उन्हाळ्याची सुरुवात होती. या वेळी रस्त्याने ते भिंतीला हात लावत लावत चालत होते. दोन वेळा कोणाला तरी धक्का लागला. "अहो, दिसत नाही का?" एक जण म्हणाला. काका पिशवी छातीशी घट्ट धरून पुढे चालत राहिले.

रोपवाटिकेत पोहोचल्यावर ते म्हणाले, "केशरी गुलाब."

रोपवालीने मला पिशवीतून बाहेर काढले आणि जमिनीवर पालथे केले. माती ढेकळासारखी बाहेर आली. तिने त्यातली काळी, कुजून वाळलेली मुळे बोटांनी चुरडून हुंगली.

"हा पाण्यानं गेलाय, काका. रोज घालत होता?"

"दोनदा. चुकून राहायला नको म्हणून."

"माती ओली दिसत नव्हती?"

काकांनी रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली. रोपवाली उठली. तिने एक रोप उचलले आणि काकांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर धरले.

"हे घ्या."

"कुठंय?" काका समोरच बघत होते.

"काका, मी कुठं उभी आहे?"

"आहेस ना इथंच."

"माझ्या हातात काय आहे?"

शेजारच्या पंपावर एक गाडी आली आणि गेली.

"हात दिसत नाहीये," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"दुकान बंद करायच्या आधीपासून. समोरचं दिसतं गं. डावीकडचं गेलंय. आता थोडं उजवीकडचंही जायला लागलंय."

"घरी सांगितलंय कुणाला?"

"घरी कोण आहे?"

रोपवालीने त्यांना एका उलट्या डब्यावर बसवले आणि स्वतः मातीत बसली. ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं असंच झालं. वय झालं, वय झालं म्हणत दोन वर्षं काढली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आधी आणलं असतं तर उरलेलं वाचलं असतं. तुमचं उरलंय अजून. उद्या जा. मी येते बरोबर."

"आधी गुलाब दे. मुलगी येतेय."

"गुलाब मिळणार नाही."

"अगं, पण मी तिला काय दाखवू?"

"जे आहे ते दाखवा," ती म्हणाली. "तुमच्या बाल्कनीत गुलाब जगत नाही. त्यात तुमचा गुन्हा नाही. ती जागा गुलाबाची नाही, एवढंच."

काका माझ्याकडे बघत होते. मी रिकामी, पालथी, बूड वर करून पडले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "मग कशाची आहे?"

तिने पहिल्यांदा तिचे तीन प्रश्न नीट विचारले आणि काकांनी पहिल्यांदा खरी उत्तरे दिली. मग तिने लांब, जाड, उभ्या पानांचे एक झाड माझ्यात लावले. लोक त्याला स्नेक प्लांट म्हणतात. माती तिने बदलली, अर्धी रेती मिसळली. काकांचा हात धरून तिने त्यांना पानांवरून फिरवायला लावले. "हे डोळ्यांनी बघायची गरज नाही. पान ताठ लागलं, तर ठीक आहे. पाण्याआधी बोट मातीत घाला, दोन पेरांपर्यंत. कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात दहा दिवसांनी. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तीन आठवडे विसरा. थंडीत महिन्यातून एकदा पुरे."

"फुलं नाहीत याला?"

"फुलं थंडीत आणू. तुमच्याकडे तीन महिने ऊन असतं ना, तेवढ्यापुरती पिटुनियाची चार रोपं. पाहुणे म्हणून यायचं, फुलायचं, जायचं. गेली तर रडायचं नाही. घरचं झाड वेगळं, पाहुणा वेगळा."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच आली. रोपवाटिकेला कुलूप लावून आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या बाजूचे परत येणार नव्हते. थेंब नियमाने घातले, तर उरलेले टिकवता येणार होते. परत आल्यावर काका माझ्याजवळ बसले. चार दिवसांनी रविवार होता. मला वाटते, ते चारही दिवस ते एकच वाक्य जुळवत होते.

फोन आला.

"गुलाब कसा आहे, बाबा?"

"मेला, बाळा."

"काय?"

"दीड वर्ष झालं."

ती म्हणाली, "पण मागच्या खेपेला मी बघितला. फोटो आहे माझ्याकडे."

"तो दुसरा होता. तोही गेला."

आता मुलीचा आवाज अगदी हळू झाला. "बाबा, आणि तुम्ही?"

काकांनी सगळे सांगितले. डोळ्यांचे, दुकानाचे, हत्यारांचे. कमी शब्दांत सांगितले, या वेळी एकही कळी जादा घातली नाही. मुलगी महिनाभर थांबली नाही, तिसऱ्या दिवशी दारात उभी होती.

ती चिडलेली होती. बॅगही न सोडता तिने विचारले, "मला का नाही सांगितलंत?"

"तू निघून आली असतीस."

"यायलाच हवं होतं ना मी."

"तुझं तिकडे इतकं चांगलं चाललंय..."

"कुणी सांगितलं चांगलं चाललंय?"

"तूच."

ती माझ्या शेजारी फरशीवर बसली. म्हणाली, "पहिली नोकरी आठव्या महिन्यातच गेली होती, बाबा. दुसरी लागेपर्यंत एका खोलीत दिवस काढले. बोलायला कुणी नव्हतं. रविवारची वाट बघायचे. तुमचा गुलाब फुललाय ऐकलं की वाटायचं, चला, एक गोष्ट तरी नीट चालू आहे. तिथं मीही झाडं आणली होती. तीन मारली."

"गुलाब?"

"एक तर निवडुंग होतं."

"निवडुंग मेलं?" काका म्हणाले. "हे मात्र माझ्याकडनंही झालं नसतं."

दोघेही हसले. हसणे थांबल्यावर मुलीने त्यांच्या खांद्यावर डोके ठेवले. दीड वर्ष दोघेही एकमेकांना एकाच फुलाच्या भरवशावर धीर देत होते आणि फूल नव्हतेच. मी शेजारीच बसले होते. मला वाटले, दोघांचे साचलेले पाणी वाहून गेले, मी आता खरी कुंडी झाले.

मुलगी आठ दिवसांसाठी आली होती, ती दोन महिने राहिली. त्यानंतर काका आणखी एक वर्ष या घरात राहिले आणि ते माझे सगळ्यांत चांगले वर्ष. स्नेक प्लांटला नवीन पाने आली. थंडीत पाहुणे आले, जांभळे आणि पांढरे, कठड्यावर फुलले आणि ऊन सरल्यावर गेले. काका रडले नाहीत. रविवारच्या फोनवर आता फार काही छान नसे. "आज थेंब डोळ्यात कमी आणि गालावर जास्त गेला," काका सांगत. "मीही आज भात करपवला," मुलगी सांगे. मला ते ऐकायला फार आवडे.

पण उजव्या बाजूचीही नजर थोडी उणावली आणि एकट्याने राहणे धोक्याचे झाले. मुलगी न्यायला आली. सामान बांधताना काका म्हणाले, "ही कुंडी घेऊ."

मुलगी थांबली. "बाबा, तिथं बाल्कनी नाही. एक खिडकी आहे, ती पण अरुंद. एवढी मोठी कुंडी ठेवायला जागा नाही, आणि दोन दिवसांच्या प्रवासात फुटेल."

काका भांडले नाहीत. त्यांनी विचारले, "खिडकीत ऊन?"

"सकाळी तासभर."

"मग एक पिल्लू घे याचं. तेवढ्यात जगेल." त्यांनीच माझ्या मातीत हात घालून मुळाशी आलेले एक छोटे रोप चाचपून काढले. मुलीने ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लावले. निर्णय बरोबर होता. जागा बघून झाड निवडावे, हे आम्ही सगळेच फार उशिरा शिकलो होतो आणि आता शिकलेले विसरायचे नव्हते. काकांनी माझ्या काठावरून एकदा हात फिरवला. म्हणाले, "हिला इथंच बरं." मग ते जिना उतरले. त्यांच्या पावलांचा आवाज मला दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

त्याला आता सहा वर्षे झाली. घरात भाडेकरू आले, गेले, दुसरे आले. भिंतीवर घड्याळे नाहीत. आताचे जोडपे सकाळी जाते आणि दमून परत येते. माणसे भली आहेत. आल्या दिवशी त्यांना घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकांच्या मुलीनेच, फोनवर सांगितले होते, "बाल्कनीतल्या झाडाला फारसं काही लागत नाही." तिने ते चांगल्या मनाने सांगितले. त्यांनी ते अक्षरशः घेतले. पावसाची तिरकी सर आली तर मला पाणी मिळते. काका कसे आहेत, उरलेली नजर टिकली का, ते अजून आहेत का, हे मला कोणी सांगत नाही. मला रविवारी फोन येत नाही.

माझ्यातले झाड मात्र जिवंत आहे. तेवढेच नाही, त्याला पिल्ले झाली, त्या पिल्लांना पिल्ले झाली. बाहेरून बघाल तर ताठ, हिरवे, तक्रार नसलेले. आत मातीला जागा उरलेली नाही. मुळे एकमेकांवर चढून माझ्या भिंतीला रेटत आहेत. मागच्या थंडीत माझ्या अंगात पहिल्यांदा काहीतरी कट्कन वाजले. काठापासून निघालेली बारीक रेघ आता बुडापर्यंत पोहोचली आहे. झाडावर माझा राग नाही. ते वाढतच होते, तेच त्याचे काम. दर दोन वर्षांनी कोणीतरी मला पालथे करून त्याची वाटणी केली असती, तर आम्ही दोघेही सुखात असतो. सुट्टीच्या एका सकाळचे काम आहे.

मित्रांनो, तुमच्या घरासाठी झाड निवडताना ऊन बघा, ऋतू बघा, आपल्याला किती वेळ आहे ते बघा आणि थोडक्यात भागणारे झाडच आणा. त्यात कमीपणा काही नाही. पण थोडक्यात भागते म्हणजे काहीच लागत नाही, असे समजू नका. जे झाड पाने गाळते, माना टाकते, त्याच्याकडे तुमचे लक्ष जातेच. जे मुकाट्याने उभे असते, ते वर्षानुवर्षे तसेच राहून जाते. माणसांचेही मी तेच पाहिले. तुमच्या ओळखीचे असे कोणी मुकाट्याने उभे असेल, तर एखादी सकाळ काढून जवळ जा, बाजूला बसा, सगळीकडून नीट बघा. माझ्या आत आज दुपारपासून पुन्हा आवाज येतो आहे. माझे जे व्हायचे ते होईल. तुम्ही मात्र बाहेरून तडा दिसेपर्यंत थांबू नका.